जुन्या मोटारसायकलीचा केसपेपर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, गुडघेदुखी, युरोपची सहल आणि नातवंडांचे कौतुक हे विषय नेमाने येतात, व ते यावेतही. यंदा मात्र संपादक मंडळाने ‘वैद्यकीय सोडून काहीही’ असा आग्रह धरला. तेव्हा ज्या एका गोष्टीवरून काही मित्रांशी माझे गेली दोन वर्षे खटके उडत आहेत, तीच लिहावी असे ठरवले. विषय ऐकायला किरकोळ आहे. जिचे मूळ सुटे भाग आता मिळत नाहीत अशा जुन्या मोटारसायकलीत हाताने घडवलेले लोखंडी भाग बसवावेत की नाही? आणि तिची बॅटरी, फ्यूज, रेग्युलेटर, तारा ही सारी विद्युतव्यवस्था कारखान्याने नेमून दिलेल्या जागेवरून हलवावी की नाही? माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली, मूळ सांगाड्याला करवत, ड्रिल वा वेल्डिंग लागता कामा नये. केलेला प्रत्येक बदल दोन पान्यांनी उलटवता आला पाहिजे. दुसरी, तो बदल लिहून ठेवून ते लिखाण गाडीसोबत ठेवले पाहिजे. खरा वाद आहे तो या अटींविषयी.

गाडी १९७४ सालची येझदी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेक बनावटीची जावा तयार होऊ लागली आणि १९७३ च्या सुमारास ती येझदी या नावाने विकली जाऊ लागली. अडीचशे सी.सी.चे दोन स्ट्रोकचे इंजिन, एक सिलिंडर पण सायलेन्सर दोन, आणि किक मारण्याचा व गिअर बदलण्याचा दांडा एकच. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना अधिक सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. सयाजी रुग्णालयात निवासी डॉक्टर असताना १९८४ साली मी ती सेकंडहँड घेतली. पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे प्रमाण रात्रपाळीच्या झोपेतही हाताला पाठ होते. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद झाला. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे नव्या मालकांनी पुन्हा बाजारात आणली हे खरे. पण त्या गाड्या चार स्ट्रोकच्या, द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाच्या. त्यांचे भाग आम्हा जुन्यांच्या उपयोगाचे नाहीत. बाजारात ‘नवे’ म्हणून जे भाग मिळतात त्यांपैकी काही बरे असतात, काही नुसते डब्याच्या पत्र्याचे.

ऑगस्ट २०२४ च्या पुराने हा प्रश्न माझ्यापुरता तातडीचा केला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. ती त्या आठवड्यात ३७ फुटांवर गेली. गाडी तेव्हा समा भागातील एका नातलगांच्या तळघरात उभी होती. पाणी ओसरल्यावर आसनाखालच्या पेटीचे झाकण उघडले, तेव्हा आत बोटभर गाळ बसलेला होता. त्या पेटीच्या तळाला बॅटरीच्या आम्लाने आधीच चाळणी करून ठेवली होती, ती गाळाने पूर्ण केली. कमरेएवढ्या पाण्यापुढे कोणतीच जागा सुरक्षित नसते, हे मान्य. परंतु पाणी निथळून जाईल, हात पोहोचेल आणि वारा लागेल अशी जागा निवडणे आपल्या हातात असते. पन्नास वर्षांपूर्वी आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आजची बंदिस्त बॅटरीही नव्हती आणि आजची वडोदऱ्याची पावसाळी तळघरेही नव्हती.

याच सुमारास गाडीने पन्नाशी ओलांडली, आणि दुसराच पेच उभा राहिला. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकीला वा मोटारीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि मिळणारा मान असा की ती प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. आमच्यातील एक ज्येष्ठ फिजिशियन मित्र या नोंदणीचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. त्यांच्या मते मी बॅटरीची जागा बदलली तेव्हाच गाडीचा इतिहास पुसला. ‘उद्या तू ताम्रपटाला भोक पाडून खुंटीला टांगशील’, असे ते मला चारचौघांत म्हणाले.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. यंत्र हाही एक दस्तऐवज असतो. कारखान्यातील कोणत्या माणसाने वायरिंगची जुडी कोणत्या बाजूने वळवली, कोणत्या ठिकाणी रबरी बूच घातले, यातून त्या काळची रीत वाचता येते. ती एकदा विसकटली की पुन्हा जुळत नाही. म्हणूनच माझी पहिली अट आहे. जुनी पेटी मी फेकलेली नाही. तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठीसह माळ्यावर ठेवली आहे. ज्याला १९७४ ची गाडी हवी असेल, त्याने एका रविवारी ती पुन्हा मूळपदी न्यावी. परंतु जी गाडी चाळीस वर्षे रोज धावली, जिच्यावरून मी रात्री दोनला फ्रॅक्चर बघायला गेलो, तिने आता वर्षातून दोनदा हार घालून मैदानात उभे राहावे हे मला पटत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाला अचल सांध्याचे परिणाम ठाऊक असतात. उभ्या गाडीचे रबर कडक होते, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो, तारांवरचे आवरण तडकते. व्हीए क्रमांकाचा मोह मी सोडला तो याच कारणाने. त्यात कोणावर टीका नाही.

शिवाय गुजरातेत राहून ‘मोटारसायकलीला हात लावू नये’ असे म्हणणे थोडे विनोदी वाटते. सौराष्ट्रातील छकडा आपण सर्वांनी पाहिला आहे: पुढचा अर्धा देह बुलेटचा, मागे गावातच वेल्डिंग करून घडवलेला हौदा, आणि धडधडणारे डिझेल इंजिन. राजकोटच्या अतुल ऑटो या कंपनीचा उगम या छकड्यातच आहे. अमरेली जिल्ह्यातील मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेटचे मागचे चाक काढून त्या जागी नांगरणी-कोळपणीची अवजारे जोडली. बैल पोसणे परवडेना आणि मजूर मिळेना अशा दुष्काळी मुलखातली ती गरज होती. ‘बुलेट सांती’ या नावाने ते यंत्र प्रसिद्ध झाले, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली आणि त्याला अमेरिकेचे पेटंटही मिळाले. माझ्या बॅटरीच्या चौकटीची या पराक्रमांशी तुलना नाही. सांगायचे एवढेच की हाताने घडवलेल्या लोखंडी भागाला इथे वंशपरंपरा आहे, आणि ती गरजेपोटी आलेली आहे. हौसेची गोष्ट त्यामानाने अलीकडची.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. छाणी हे आता शहराला चिकटलेले असले तरी जुना अहमदाबाद रस्ता, खतांचा कारखाना आणि भोवतीच्या वसाहती यांमुळे इथे फॅब्रिकेशनच्या टपऱ्यांना कधी तोटा नव्हता. खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, सोसायट्यांची फाटके हे त्यांचे रोजचे अन्न. मी ज्या मिस्त्रींकडे जातो ते साठीचे आहेत, दहावीही न झालेले, आणि त्यांच्या हाताला जे कळते ते मला प्लेट-स्क्रूच्या तीस वर्षांच्या कामानंतर अर्धेच कळते. नाव छापण्याची परवानगी त्यांनी दिली नाही. ‘पछी बधा मफत सलाह लेवा आवशे’ हे कारण. आपल्यापैकी प्रत्येकाला ते समजेल.

काम सुरू होते ते पुठ्ठ्यापासून. औषध कंपन्यांचे पुठ्ठे आपल्याकडे रग्गड असतात. त्यांना याहून सदुपयोग मिळालेला मला आठवत नाही. आसनाखालच्या मोकळ्या जागेत पुठ्ठा बसवून, कापून, पुन्हा बसवून नमुना तयार करायचा. आसन खाली दाबले, मागचे चाक खड्ड्यात जाऊन वर आले, तर कशाला काय लागेल ते नमुन्यावरच पाहायचे. मग ३ मि.मी. जाडीची साधी लोखंडी पट्टी. ती शेगड्यात धरून नुसती हातोडीने ठोकली तर काटकोन सुबक दिसतो, पण वळणाच्या बाहेरच्या बाजूवर डोळ्यांना न दिसणारी चीर पडू शकते. मिस्त्री पट्टीसोबत एक गोल सळई धरतात आणि तिच्यावरून पट्टी वळवतात, म्हणजे कोपऱ्याला गोलाई राहते. भोक कधीही गॅसने जाळून पाडायचे नाही. ड्रिलने पाडायचे, कडेपासून पुरेसे अंतर ठेवून, आणि दोन्ही बाजूंनी त्याची धार मारायची. बाहेरचे कोपरे कानशीने गोल करायचे.

हे सारे पाहताना मला आमची प्लेट आठवत होती. मांडीच्या हाडावरील प्लेट एका झटक्यात क्वचित मोडते. हाड जुळत नाही, रुग्ण चालत राहतो, प्लेट रोज हजारो वेळा केसभर वाकते आणि एके दिवशी रिकाम्या भोकापाशी तुटते. धातू दमतो, आणि दमलेला धातू आपली जागा खाच, ओरखडा वा भोक पाहून निवडतो. एका सिलिंडरच्या इंजिनावर बसवलेल्या पट्टीची दशा नेमकी तीच असते. म्हणून ती जाड करत जाणे हा उपाय पुरेसा नाही. जाड व ताठ पट्टी कंपन जसेच्या तसे बॅटरीला पोहोचवते आणि स्वतः जोडापाशी तुटते. पट्टी आणि सांगाड्याची नळी यांमध्ये रबराची घडी, नळीभोवती दोन भागांचा पट्टा, आणि कंपनाने न सुटणारे नायलॉनच्या कड्याचे नट. सांगाड्याला एकही नवे भोक नाही. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट दिसायला छान असतात, पण ते ॲल्युमिनियमच्या आट्यांत नुसते घट्ट करून पावसात सोडले तर दोन धातूंचे वैर ॲल्युमिनियमला भोवते. शरीरात आपण ३१६एल पोलादाच्या प्लेटला टायटॅनियमचे स्क्रू लावताना दहा वेळा विचार करतो, तर इथेही थोडे ग्रीस लावायला काय हरकत आहे?

एक सूचना मात्र ठळक करून सांगतो. गाडीवरच वेल्डिंग करू देऊ नये. भाग खाली उतरवून करावे. अगदीच नाइलाज असेल तर टाकी काढून दूर न्यावी, बॅटरी सोडवावी आणि वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावावा. नाहीतर तो प्रचंड प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि पुढे महिनाभराने खडखड सुरू झाली की कोणालाच कारण कळत नाही.

विद्युतव्यवस्थेचा भाग अधिक नाजूक आहे, आणि माझ्या मते खरी जोखीम तिथेच आहे. जुन्या येझदीचा कारभार ६ व्होल्टचा. २५ वॅटचा पुढचा दिवा ६ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर ओढतो. तोच १२ व्होल्टवर दोनच. समजा बारीक तार आणि गंजलेले जोड मिळून अर्धा व्होल्ट खाऊन टाकतात. ऐकायला अर्धा व्होल्ट म्हणजे काहीच नाही, पण सहातला अर्धा गेल्यावर दिव्याचा प्रकाश सुमारे पाव भागाने घटतो, कारण प्रकाश विद्युतदाबाच्या कितीतरी पट वेगाने उतरतो. तेव्हा बॅटरी हलवली, तार वीतभर लांबली, तर तार जाड घेतलीच पाहिजे. ‘जुन्या येझदीचा दिवा म्हणजे उदबत्ती’ अशी जी ख्याती आहे, तिच्यात कारखान्याचा वाटा जेवढा आहे तेवढाच नंतरच्या गाठी मारलेल्या तारांचा आहे.

फ्यूजची जागा बॅटरीच्या जितकी जवळ तितकी बरी. बॅटरी आणि फ्यूज यांमधली तार ही बेवारस असते. ती कुठे घासून सांगाड्याला टेकली तर तिला अडवणारे कोणी नाही, आणि वर पेट्रोलची टाकी असते. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी बूच हवेच. हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून तारांना ताण पडतो का ते पाहावे. मानेपाशी तुटलेल्या तारांनी जेवढे लोक रस्त्यात उभे केले असतील तेवढे पंक्चरने केले नसतील. कथलाचा डाग देऊन केलेला जोड मेजावर उत्तम. पण हलत्या गाडीवर, जिथे डाग संपतो आणि मऊ तार सुरू होते, नेमकी तिथे ती मोडते. दाबून बसवलेली लग आणि त्यामागे तारेला आधार देणारा एक पट्टा, हे जास्त टिकते. रेग्युलेटर गरम होतो, त्याला वारा लागला पाहिजे. साधी आम्लाची बॅटरी असेल तर तिच्या नळीचे तोंड साखळी व सांगाडा सोडून खाली काढावे. बंदिस्त बॅटरीला ही कटकट नसते आणि जागा निवडायलाही मोकळीक मिळते.

आणि अर्थिंग. गाडी सोडवून सगळे भाग पावडर कोटिंगला देण्याची सध्या फार आवड आहे. गाडी परत जुळवली की आरशासारखी चमकते, आणि हॉर्न वाजत नाही, मागचा दिवा लुकलुकतो, कधी ठिणगीच येत नाही. जुन्या गाडीत प्रवाहाची परतीची वाट सांगाड्यातून असते, आणि आपण त्या सांगाड्याला नखशिखांत प्लास्टिकचा अंगरखा घातलेला असतो. त्यात माझ्यासारख्याने पट्ट्याखाली रबर घातले की उरलीसुरली वाटही बंद. म्हणून बॅटरीपासून इंजिनापर्यंत आणि इंजिनापासून हेडलाइटपर्यंत स्वतंत्र तार ओढली, आणि जिथे ती बसते तिथला रंग खरवडून धातू उघडा केला. मिस्त्रींचे याविषयीचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देतो: ‘साहेब, करंटने जवानो रस्तो तो बधा आपे छे, पाछा आववानो कोई नथी आपतुं.’ हृदयविकारतज्ज्ञांनी यावर विचार करावा.

याच टपरीवर बसून माझे दुसरे एक मत पक्के झाले, आणि ते आपल्या व्यवसायाशी संबंधित आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो. काही तासांनी, बहुधा रात्री, कारागिराला थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, छाती भरल्यासारखी वाटते, आणि एक-दोन दिवसांत सारे आपोआप ओसरते. सलग काम केले की शरीर सरावते आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पुन्हा तेच. पुस्तकात हा धातुधुराचा ताप म्हणून एक परिच्छेद आहे. दवाखान्यात मात्र त्याला मलेरियाची गोळी आणि एक सलाईन मिळते, कारण कोणी विचारतच नाही की ‘काल काय काम केलेस?’ रामाझिनीने १७०० साली आपल्या ग्रंथात वैद्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे असे सांगून ठेवले आहे. दुसरी गोष्ट डोळ्यांची. काच न लावता टाके मारले की सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. बटाट्याच्या चकत्या हा लोकप्रिय उपाय निरुपद्रवी तरी आहे. पण दुकानातून डोळे बधिर करणारे थेंब आणून वारंवार घालणे बुबुळाला घातक आहे. छाणीच्या त्या टपरीवर तिन्ही पोरांकडे मिळून एकच काच होती. आता तीन आहेत. कोणी आणल्या हे महत्त्वाचे नाही.

मजुरीविषयीही बोलले पाहिजे. आपली मंडळी तपासणीची फी ठरवताना अनुभवाचे मोल सांगतात आणि मिस्त्रींनी चौकटीचे आठशे रुपये सांगितले की ‘लोखंड तर दोनशेचेच आहे’ असा हिशोब मांडतात. चार-पाच वेळा मी हे प्रत्यक्ष ऐकले आहे. वडोदऱ्यातील मराठी घरांत कारकुनी, अध्यापन, वैद्यकी, वकिली यांना मान मिळाला. कानस हातात धरणाऱ्याला तेवढा मिळाला नाही. हे याच शहरात घडावे याचे आश्चर्य वाटते. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढले, ते हाताचे कौशल्य आणि शास्त्र एका छपराखाली यावे म्हणूनच. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे विद्वान. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे त्याच कलाभवनातून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा उभी राहिली. मिस्त्रींचा मुलगा आज मोबाईलच्या दुकानात नोकरी करतो आणि वडिलांकडचे काम शिकायला तयार नाही. आठशेचे सहाशे करून मागणाऱ्या गिऱ्हाइकांकडे पाहून त्याने हा निर्णय घेतला असेल तर त्याला दोष कसा द्यावा?

दुसऱ्या टोकाच्या मंडळींविषयी थोडक्यात लिहितो. तरुणांपैकी काहीजण जुनी गाडी घेतात, मागचा सांगाडा आणि मडगार्ड कापून टाकतात, सायलेन्सर पोकळ करतात, आणि बॅटरी कुठेतरी दोरीसारख्या पट्ट्यांनी बांधून ठेवतात. कापलेला सांगाडा परत येत नाही. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून भिन्न होतील असा बदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका अधिक ठामपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन्ही अशी तरतूद झाली. बॅटरीची चौकट बदलल्याने इंजिन वा चेसिसचा क्रमांक, इंधन, आसनसंख्या यांपैकी काही बदलत नाही, अशी माझी समजूत आहे. तरीही फेरनोंदणीच्या तपासणीला गेलो तेव्हा केलेले काम मी स्वतः होऊन दाखवले. लपवण्यासारखे काम असेल तर ते न केलेले बरे, हे मोटार वाहन निरीक्षकाला घाबरून मी म्हणत नाही. माझ्यानंतर जो या गाडीवर बसेल त्याच्यासाठी म्हणतो.

इथे दुसरी अट येते, आणि इथेच माझे बहुतेक मित्र गळतात. कारखान्याचे काम पुस्तिकेत असते. टपरीवरचे काम फक्त कारागिराच्या डोक्यात असते. तो गावी गेला, थकला वा गेला, की गाडी अनोळखी होते. रुग्ण दुसऱ्या शहरात दाखल झाला आणि त्याच्या मांडीत कोणत्या बनावटीचा सळ आहे हे कोणालाच माहीत नसेल, तर तो काढताना सर्जनवर काय प्रसंग येतो हे मी सांगायला नको. म्हणून गाडीचा केसपेपर. मी साधी शंभरपानी वही केली आहे. डाव्या पानावर मूळ काय होते, उजव्या पानावर काय केले, कोणत्या तारखेला, कोणत्या जाडीची पट्टी, कोणत्या मापाचा बोल्ट, तारेचा रंग व जाडी, फ्यूज किती अँपिअरचा, मूळ भाग कुठे ठेवला. वायरिंगचा नकाशा हाताने काढलेला, कारण काढताना समजते. आधीचे व नंतरचे फोटो छापून चिकटवले आहेत. मोबाईलमधले फोटो मोबाईलबरोबर जातात. एका प्रतीची झेरॉक्स क्ष-किरणांच्या जुन्या पाकिटात घालून आसनाखाली ठेवली आहे. या सगळ्याला दोन संध्याकाळ लागल्या. मिस्त्रींनी आधी टिंगल केली, मग एका सोसायटीच्या फाटकाच्या मोटारीचा नकाशा काढून देता का असे विचारले.

फिजिशियन मित्रांनी वही चाळली. ‘बदल मान्य नाही, नोंद मान्य आहे’ असा त्यांचा निकाल, आणि त्यांच्या १९६० च्या दशकातील स्कूटरसाठी त्यांनी स्वतःची वही सुरू केली आहे, अर्थात मूळ भागांचीच. वाद मिटलेला नाही. दरम्यान दिवाळीत पुतणी बंगळुरूहून आली आणि दोन दिवस गाडी तिच्याकडे होती. वहीतील नववी नोंद तिच्या अक्षरातील आहे: मागचा दिवा अधूनमधून बंद, फूटरेस्टपाशी तपकिरी तारेची लग सैल, नवी बसवली, अर्थिंग तपासले, ठीक आहे, काका, पान सहावरचा नकाशा उलटा चिकटवला आहे का, एकदा बघा.